मिशनरी उभा कोणाच्या बाजूला होता?



मिशनरी म्हटले की आमच्या यवतमाळात चर्चा ठरलेल्या वळणाने जाते: सत्तेच्या आश्रयाने आले, आमिष दाखवले, धर्म बदलला. जानेवारी २०१९ मध्ये साहित्य संमेलन इथेच भरले होते. पुढच्या संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो निवडले गेले, तेव्हा त्यांचे लेखन बाजूला राहिले आणि ते धर्मगुरू असल्यावरूनच वाद पेटला. आक्षेप घेणाऱ्यांनी गोव्याच्या संत जोसेफ वाझ यांचे चरित्र एकदा वाचावे.

बाणावलीत १६५१ साली जन्मलेले वाझ १६८७ मध्ये श्रीलंकेत जाफन्याला उतरले. पोर्तुगीजांना तिथून कधीच हुसकावले गेले होते. किनाऱ्यावर राज्य डचांचे; तेही ख्रिस्तीच, पण प्रॉटेस्टंट, आणि कॅथलिक पाद्र्यांना त्यांची सक्त बंदी. वाझ आजारी अंगाने, मजुराच्या वेषात आले. गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागायची आणि ती पाहून कोण चपापते यावरून लपलेले कॅथलिक घर हेरायचे, असे चरित्रकार सांगतात. मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, रात्रीच्या अंधारात होई. बेटाच्या अंतर्भागातील कँडीच्या बौद्ध राजाने आधी त्यांना हेर समजून कैदेत टाकले, नंतर त्यानेच आसरा दिला. १६९७ मध्ये तिथे देवीची साथ आली. घरच्यांनी रोगी रानात नेऊन सोडले. वाझ यांनी त्यांच्यासाठी झोपड्या उभारल्या, जखमा धुतल्या, अन्न भरवले. धर्म विचारला नाही. यात ख्रिस्ती सत्तेचा आश्रय कुठे दिसतो?

वाझ धर्मप्रसारही करत होते, हे लपवायचे कारण नाही. ‘त्याच काळात गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, होते, त्याचे काय?’ हा प्रश्नही रास्तच. १५६० पासून त्याने हिंदूंना आणि नवख्रिस्त्यांना छळले. म्हणजे एकच चर्च गोव्यात छळत होते आणि श्रीलंकेत छळ सोसत होते. मग सगळ्या पाद्र्यांना एकाच मापाने कसे मोजणार? कोण कोणत्या पंथाचा, यापेक्षा अडचणीच्या वेळी तो कोणाच्या बाजूला उभा राहिला, हे पाहावे.

पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत वाझ यांना संत घोषित केले. आपल्या शालेय इतिहासात इन्क्विझिशन आणि जोसेफ वाझ एकाच धड्यात यावेत, ही माझी मागणी आहे. शाळेत अर्धीच गोष्ट शिकलेल्या मुलाला उरलेली अर्धी मोबाइलवर मिळते, तीही तिखटमीठ लावून.

– एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ