कोणत्या कागदावर आलात, हे नंतर. कोणी आणले, हे आधी विचारा!

जाहीर पत्रक
साखरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली

साखरा व पंचक्रोशीतील बंधुभगिनींनो,

दसऱ्याचे सोने लुटून झाले, सोयाबीनची रास घरी आली आणि त्या राशीच्या पैशात सावकाराचे निम्मे देणेही फिटत नाही असे उमगले, म्हणजे आपल्या भागातील कुटुंबेच्या कुटुंबे मुकादमाच्या ट्रकमध्ये भांडीकुंडी, पांघरुणे आणि शाळेतून उठवलेली पोरे चढवून पश्चिम महाराष्ट्राकडे अथवा कर्नाटकाकडे ऊसतोडीस निघतात. नवराबायकोच्या या जोडीस तेथील हिशेबात माणसे म्हणत नाहीत, 'एक कोयता' म्हणतात. हंगामापूर्वी घेतलेली उचल, तिच्यापोटी मुद्रांक कागदावर उमटवलेला अंगठा आणि मुकादमाच्या हातची वही, एवढ्या तीन वस्तूंवर त्या कोयत्याचे पुढले सहा महिने बांधले जातात. हंगाम सरला तरी 'उचल फिटली नाही' असे त्या वहीने सांगितले की फडावरून पाऊल उचलण्याची मुभा राहत नाही. आणि एखादा रातोरात निसटून गावी आलाच, तर त्याच्या पाठोपाठ फसवणुकीची फिर्यादही येऊ शकते. ज्याला डांबले तो आरोपी आणि ज्याने डांबले तो फिर्यादी, असा हा उलटा न्याय आपण इतक्या वेळा पाहिला आहे की त्याचे आश्चर्य वाटणेही आपण सोडून दिले आहे.

हे सांगण्याचे प्रयोजन असे की, ज्या विषयावर हे पत्रक काढले आहे तो वरवर पाहता साखऱ्यापासून फार लांबचा आहे. फसवून अथवा विकून परक्या देशात नेलेल्या मनुष्याची सुटका झाल्यावर त्या देशाने त्याला अनधिकृत परकीय म्हणून तुरुंगात टाकावे, सीमेपार हाकलावे, की अन्यायाचा बळी म्हणून काही काळ, आणि त्याची इच्छा असल्यास कायमचा, आश्रय द्यावा, हा तो प्रश्न होय. 'आपल्या गावाला याचे काय?' असे पारावर कोणी विचारील. आमचे उत्तर एवढेच की, मुकादमाच्या तावडीतून सुटून आलेल्या मजुराला ठाण्यात जो पहिला प्रश्न विचारला जातो, तोच प्रश्न परदेशी बळीलाही विचारला जातो. 'तुला येथे कोणी आणले?' असे कोणी विचारीत नाही. 'कागद कुठे आहे?' असे विचारतात.

या प्रश्नाचे फळ काय असते, ते मुंबईने १९९६ साली पाहिले आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत पोलिसांनी कामाठीपुऱ्याच्या परिसरात धाडी घालून चारशेहून अधिक मुली व स्त्रिया कुंटणखान्यांतून बाहेर काढल्या. त्यांत दोनशेच्या वर नेपाळच्या होत्या. धाड घालणाऱ्यांनी आपले कर्तव्य बजावले. परंतु दार फोडून बाहेर काढलेल्या मुलींचे पुढे काय करावयाचे, याचा विचार धाडीइतक्या तत्परतेने कोणी केलेला नव्हता. महिनोगणती त्या निवाऱ्यांत कोंडून राहिल्या. नेपाळ सरकार त्यांना परत घेण्यास राजी होईना. या मुली आपल्याच असल्याचा पुरावा काय, अशी त्याची सबब होती, आणि सबबीमागे एड्सची भीती होती. अखेर नेपाळातील काही स्वयंसेवी संस्थांनीच पुढाकार घेऊन सव्वाशेच्या आसपास मुली मायदेशी नेल्या. त्यांतल्याच काहीजणींनी 'शक्ती समूह' ही संस्था उभारली. पण त्या काळी नेपाळात नागरिकत्वाचा दाखला बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावावाचून मिळणे दुरापास्त असल्याने आणि दाखल्यावाचून संस्था नोंदवता येत नसल्याने, तिच्या नोंदणीस २००० साल उजाडावे लागले. पुढे २०१३ साली याच संस्थेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना दोन देशांची दफ्तरे 'तुम्ही कोण?' म्हणून विचारीत होती, त्यांनी आपण कोण ते जगाला दाखवून दिले. पण प्रत्येक बळीने आपला इनसाफ असा स्वतःच्या असामान्य धैर्याने मिळवावा, अशी अपेक्षा ज्या राज्यव्यवस्थेची असते, तिने व्यवस्था हे नाव तरी कशाला मिरवावे?

आता कायद्याकडे वळू. आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने मनुष्याचा व्यापार आणि वेठबिगार यांना मनाई केली आहे, आणि ती करताना 'नागरिक' हा शब्द वापरलेला नाही. ज्यांनी घटना घडवली त्यांना नागरिक आणि व्यक्ती यांतील भेद पुरता ठाऊक होता. इतर कित्येक अनुच्छेदांत त्यांनी तो कटाक्षाने पाळला आहे. येथे तो पाळला नाही, याचा अर्थ या भूमीवर कोणाही मनुष्याची खरेदी-विक्री होणार नाही, मग तो कोणत्याही देशाचा असो. संयुक्त राष्ट्रांचा मानवी व्यापारविरोधी करार २००० साली झाला आणि भारताने २०११ साली त्यास मान्यता दिली; बळी ठरलेल्या व्यक्तीस तात्पुरते अथवा कायमचे राहू देण्याचा विचार प्रत्येक राष्ट्राने करावा, असे त्याचे सातवे कलम सांगते. पुढल्याच वर्षी, १ मे २०१२ रोजी, केंद्रीय गृहमंत्रालयाने सर्व राज्यांना सूचनापत्र धाडले: तपासात परदेशी स्त्री वा बालक स्वखुशीने आलेले नाही असे आढळल्यास त्याच्यावर आरोपपत्र ठेवू नये, आणि ठेवले गेले असल्यास ते मागे घेण्याची तजवीज करावी. बांगलादेशाशी जून २०१५ मध्ये स्त्रिया व बालकांच्या व्यापाराविषयी सामंजस्य करारही झाला.

मग उणीव कोठे आहे? उणीव अशी की, सूचनापत्र म्हणजे कायदा नव्हे. ठाणेदाराला ते ठाऊक असले तर पाळले जाते, ठाऊक नसले तर कपाटात राहते. आणि विनापरवाना प्रवेश केल्याचे कलम मात्र प्रत्येक ठाणेदारास तोंडपाठ असते. १९४६ च्या परकीय नागरिकविषयक कायद्याची जागा आता २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. पासपोर्टावाचून आलेल्यास पाच वर्षांपर्यंत कैद त्यातही आहे, परंतु विकून आणलेल्यास राहण्याचा हक्क देणारे कलम त्यात नाही. परिणामी बुधवार पेठेतून वा भिवंडीतून सुटलेल्या परदेशी मुलीपुढे दोनच वाटा उरतात: सुधारगृहाच्या भिंतीआड खितपत पडणे, किंवा ज्या गावातून दलालाने तिला उचलले त्याच गावी, बहुधा त्याच दलालाच्या डोळ्यांदेखत, परत जाणे. तिसरी वाट, म्हणजे येथेच सन्मानाने काम करून राहणे आणि निर्भयपणे साक्ष देणे, ती तिच्यासाठी बांधलेलीच नाही.

ही तिसरी वाट अशक्य आहे काय? अमेरिकेने ती २००० साली बांधली. तेथील कायद्यान्वये मानवी व्यापारास बळी पडलेल्या परकीयास 'टी व्हिसा' म्हणून परवाना मिळतो. चार वर्षे राहता येते, कामधंदा करता येतो, जवळच्या कुटुंबीयांना आणता येते आणि पुढे कायम निवासासाठी अर्ज करता येतो. या परवान्याचा लाभ आपल्याच देशबांधवांना झाला आहे. २००५ च्या कतरिना वादळानंतर अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील जहाजदुरुस्तीच्या कामासाठी सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीने सुमारे पाचशे भारतीय वेल्डर व पाइपफिटर नेले. त्यांची भरती करणाऱ्यांत मुंबईचा दलाल होता. कायम निवासाच्या आश्वासनापोटी या लोकांनी दहा-दहा, वीस-वीस हजार डॉलर मोजले, त्यासाठी घरे-जमिनी गहाण टाकल्या, आणि तेथे पोचल्यावर एकेका खोलीत दाटीवाटीने कोंबून राहण्याचे महिना हजारावर डॉलर भाडे पगारातून कापले गेले. परवाना त्या एका मालकाशी बांधलेला. नोकरी सोडावी तर परत पाठवणी, आणि परत जावे तर डोक्यावर डोंगराएवढे कर्ज. बंधूंनो, डॉलरच्या जागी रुपये आणि जहाजाच्या जागी उसाचा फड घाला. उचलीची कथा तीच आहे! मार्च २००८ मध्ये हे कामगार काम टाकून बाहेर पडले, पायी राजधानीकडे चालत गेले, उपोषणास बसले. त्यांतील अनेकांना 'टी व्हिसा' मिळाला, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या न्यायालयातील पंचांनी पाच कामगारांना १ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई ठरवली. कामगारांना निर्भयपणे उभे राहण्यास पायाखाली जागा मिळाली, म्हणूनच त्यांची कैफियत न्यायासनापर्यंत पोचली.

त्या कायद्याचीही आम्ही आरती करीत नाही. प्रौढ बळीने तपासास सहकार्य करावे, अशी अट त्यात आहे. म्हणजे ज्याने नुकतीच एका धन्याची चाकरी सोडली त्याने लगोलग सरकारी तपासाची चाकरी धरावी, असा तो सौदा होतो. अशाच जातीचे वैगुण्य आपल्या घरीही आहे. वेठबिगारांच्या पुनर्वसनाची केंद्राची २०१६ ची योजना पुरुषास १ लाख, स्त्रिया व बालकांस २ लाख आणि कुंटणखाने वा मानवी व्यापार यांसारख्या अतिशोषणाच्या प्रकरणांत ३ लाख रुपये देऊ करते; तातडीची थोडी मदत लगेच मिळते, पण पूर्ण रकमेची सांगड तिने आरोपीच्या दोषसिद्धीशी घातली आहे. खटला रेंगाळला, साक्षीदार फुटला, दस्तऐवज गहाळ झाला, तर त्यात मजुराचा काय अपराध? त्याची मुक्ती ही दुसऱ्याच्या शिक्षेवर अवलंबून ठेवणे म्हणजे त्याला पुन्हा कोणाच्या तरी वहीत गहाण टाकणेच होय.

आक्षेप घेणारे घेतील. पहिला आक्षेप असा की, अशी सवलत दिली तर घुसखोरांना दार मोकळे होईल आणि जो तो आपण बळी असल्याचा कांगावा करील. अमेरिकेने वर्षाला पाच हजार परवान्यांची मर्यादा घातली होती, आणि पहिल्या वीस वर्षांत ती एकदाही भरली नाही. बळी ठरणे हे खोटे बोलून जाण्याइतके सोपे नसते, हे यावरून कळावे. दुसरा आक्षेप: 'ते आपल्या पायांनी गेले, पैसे हात पसरून घेतले, मग रडता कशाला?' यास उत्तर कायद्यातच आहे. २०१३ च्या दुरुस्तीने दंडसंहितेत घातलेले आणि आता भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमात असलेले तत्त्व स्पष्ट सांगते की, मानवी व्यापाराचा गुन्हा ठरवताना बळीची संमती गैरलागू आहे. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा त्याहून पुढे जातो: मजुराने 'हे कर्ज वेठीचे आहे' असे म्हटल्यावर ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर पडते. हा कायदा आपल्या मुलखाला नवखा नाही. कर्जापोटी धन्याच्या दारी पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या 'भगेल्यां'च्या करारांवर निजाम सरकारलाही १९३६ साली निर्बंध घालावे लागले होते, आणि संसदेने १९७६ च्या कायद्यात वेठीच्या ज्या प्रकारांची नावे लिहिली, त्यांत हे भगेला नाव आजही आहे. निजामशाही गेली, मुकादमाच्या वहीत तो भगेला दर दसऱ्याला नव्याने लिहिला जातो.

तिसरा आक्षेप सर्वांत मोठ्या आवाजात होतो: 'परक्याची काळजी आपण का वाहावी?' त्याला उत्तर आपल्या आजोबांनी देऊन ठेवले आहे. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचे राज्य आणि पलीकडे वऱ्हाड, म्हणजे दुसऱ्याचे राज्य, मध्ये करोडगिरीचे नाके, अशी ती सरहद्द होती. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या जुलमाने या भागातील कुटुंबे नेसत्या वस्त्रानिशी नदी ओलांडून गेली. उमरखेडसारख्या ठिकाणी मुक्तिसंग्रामाची केंद्रे उभी राहिली. त्या काठावरच्या लोकांनी आमच्या माणसांपुढे भाकरी ठेवण्याआधी दाखला मागितला असता, तर १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस पाहण्यास त्यांतले किती उरले असते? आश्रय घेतलेल्यांचे वंशज आश्रयाच्या प्रश्नावर तटस्थ राहतील, तर ती कृतघ्नता ठरेल.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. वेठीतून सुटून आलेल्या प्रत्येक मजुराची उपविभागीय दंडाधिकाऱ्यांनी विनाविलंब चौकशी करून, वेठ आढळल्यास त्यास मुक्ती प्रमाणपत्र द्यावे. आणि त्याच्यावर उचलीपोटी झालेल्या फिर्यादीची दखल त्या चौकशीपूर्वी घेऊ नये.

२. १९७६ च्या कायद्याने जिल्ह्यास व उपविभागास नेमून दिलेल्या दक्षता समित्यांच्या बैठका नियमित व्हाव्यात, आणि त्यांचे इतिवृत्त लोकांस पाहावयास मिळावे.

३. २०१२ च्या सूचनापत्रास कायद्याचे रूप देऊन, व्यापारास बळी पडलेल्या परदेशी स्त्री-पुरुषांस राहण्याचा व काम करण्याचा परवाना मिळावा. परत जावे की राहावे हे ठरविण्याचा अधिकार त्यांचा असावा, आणि साक्ष देणे ही त्याची किंमत नसावी.

४. पुनर्वसनाची पूर्ण रक्कम दोषसिद्धीच्या अटीतून मुक्त करावी.

आणि एक मागणी आपली आपल्याकडेच आहे. येत्या दसऱ्यापूर्वी ग्रामपंचायतीत एक नोंदवही ठेवावी. कोण गेले, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्यास, किती उचल घेऊन, आणि बरोबर किती लेकरे, हे तीत लिहावे. आजवर आपल्या माणसांचा हिशेब एकट्या मुकादमाच्या वहीत राहिला. तो गावाच्या वहीतही राहू द्या, म्हणजे उद्या कोणी निसटून आले आणि ठाण्यात 'कागद कुठे आहे?' असे त्याला विचारले, तर आपण ही वही घेऊन त्याच्या शेजारी उभे राहू आणि साहेबांना नम्रपणे सांगू: कागद हा आहे, आता यांना कोणी नेले, ते विचारा.

आपले,
साखरा येथील काही ग्रामस्थ

(हे पत्रक वाचून झाल्यावर टाकून न देता शेजाऱ्यास द्यावे, ज्यास वाचता येत नाही त्यास वाचून दाखवावे.)