यंत्राला झेंडू, माणसाला दंड



करामातल्या आमच्या जुन्या ऑफिसात दसऱ्याला सर्व्हरच्या कपाटाला झेंडूचा हार घालत. हळदकुंकू, नारळ, पेढे, सगळे साग्रसंगीत. हार घालणाऱ्यांत मीही असे. एका वर्षी त्या हारामागे डेटा साठवणाऱ्या यंत्राचा एक पंखा बंद होता आणि एक पिवळा दिवा महिनाभर लुकलुकत होता.

तो दिवा बॅटरीचा. लिहायला आलेला डेटा यंत्रातला कंट्रोलर आधी स्वतःच्या मेमरीत घेतो, 'झालं' म्हणून कळवतो आणि मग सवडीने डिस्कवर उतरवतो. मध्येच वीज गेली तर ती मेमरी ही छोटी बॅटरी जिवंत ठेवते. दोन-तीन वर्षांत ती थकते, उष्णतेत त्याआधीच. आमच्याकडे पंख्यांच्या जाळीवर वाळूचा थर होता आणि सुटीच्या दिवशी एसी बंद. बॅटरी थकली की कंट्रोलर प्रत्येक गोष्ट थेट डिस्कवर लिहू लागतो. काम संथ होते, पण डेटा सुरक्षित राहतो.

देखभाल करणाऱ्या मुलाने तीनदा मेल केली: पंखा बदला, बॅटरी बदला, एसी चालू ठेवा. खर्च काहीशे दिरहॅमचा. उत्तर आले, 'पुढच्या तिमाहीत बघू.' इकडे अकाउंट्सची ओरड, सिस्टिम स्लो आहे. तेव्हा मी, सीनियर इंजिनिअर, एक सेटिंग बदलले: बॅटरी नसली तरी वेगानेच लिही. अलार्मचा आवाजही बंद केला. सगळे खूश.

पुढच्या सुटीत इमारतीची वीज गेली. यूपीएसच्या बॅटऱ्याही त्याच उकाड्यात म्हाताऱ्या झालेल्या. मेमरीतले थोडेसेच गेले, पण हिशोबाचा अख्खा डेटाबेस बिघडला. शेवटची प्रत चार दिवसांपूर्वीची. पगार कापला गेला त्या मुलाचा. त्याच्या तिन्ही मेल माझ्या इनबॉक्समध्ये होत्या, आणि मीटिंगमध्ये मी गप्प बसलो.

कोणी म्हणेल, ही छोट्या कंपनीची गोष्ट. मग दक्षिण कोरियाचे काय? सप्टेंबर २०२५ मध्ये देजॉनच्या सरकारी डेटा केंद्रात यूपीएसच्या बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली. त्या बॅटऱ्यांची दहा वर्षांची वॉरंटी संपून गेली होती. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टेराबाइट डेटा नष्ट झाला. दुसरी प्रतच नव्हती. श्रीमंत, तंत्रकुशल देशाची ही कथा. तेव्हा पैशाचे कारण सांगू नका.

खरे कारण आपल्याला ठाऊक आहे. डिझाइन करणारा मोठा, पुसणारा-बदलणारा हलका. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलना'त कष्टकऱ्यांच्याच या उतरंडीवर बोट ठेवले. आपण त्यावर परिसंवाद भरवतो, आणि सोमवारी ऑफिसात जाऊन तीच उतरंड चालवतो. बेडस्पेसमध्ये राहणाऱ्या सपोर्टवाल्याची मेल आपण शेवटपर्यंत वाचतो का?

माझे म्हणणे साधे आहे. बॅटरीवर बसवल्याची तारीख लिहा आणि मुदत संपायच्या आत बदला. जादा पंखा कपाटात ठेवा. सर्व्हररूमचा एसी सुटीलाही चालू ठेवा. देखभाल करणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय सुरक्षेचे सेटिंग बदलू नका. आणि पैसे नाकारणाऱ्याने 'मी नाकारले' असे सहीनिशी लिहून द्यावे. म्हणजे दंड कोणाचा, हा प्रश्नच उरणार नाही.

मी त्या मुलाची माफी मागितली, पण फार उशिरा, तो नोकरी सोडून गावी गेल्यावर, फोनवर. 'जाऊ द्या सर,' एवढेच तो म्हणाला.

येत्या दसऱ्याला हार घालण्याआधी कपाटामागे वाकून बघा. दिवा पिवळा असेल, तर तो आधी कोणी पाहिला आणि त्याला तुम्ही काय उत्तर दिलेत, तेही आठवा.

आपला,
एक करामावासी