माळ दिव्यांची, काळजी घरच्यांची



कल्याण सोडले की कर्जतच्या वाटेवर पहिले स्टेशन लागते विठ्ठलवाडीचे. जवळच उल्हासनगरचा बाजार. दिवाळी आली की आसपासच्या खेड्यांतली मंडळी तिथून कापडचोपड घेतात आणि पिशवीत दिव्यांची एखादी माळही येते. हौस करावीच, पण जरा पारखून.

माळ घेताना दुकानदाराला ती लावून दाखवायला सांगा. वायर केसासारखी बारीक, पिन हलती, जोड उघडा असेल तर ती परत द्या. खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण व नोंदणी क्रमांक पाहा, पावती मागा. ॲडाप्टरवर चालणारी, ५ किंवा १२ व्होल्टची माळ मिळाली तर तीच बरी. चार पैसे जास्त पडतील, पण वायरीत २३० व्होल्ट खेळणार नाहीत.

जुन्या माळेत बल्ब एकामागून एक जोडलेले असतात. एक उडाला की सगळी माळ विझते. मग घरातले पोर पिन न काढताच एकेक बल्ब चाचपू लागते. इथेच घात होतो. माळ विझली तरी तुटल्या जागेपर्यंत वीज पूर्ण जोराने उभी असते. म्हणून आधी पिन काढा, मगच हात लावा.

वसुबारसेला आपण गोठाही सजवतो. गाईचे चारही पाय ओल्या जमिनीवर, अंगावर पाणी सांडलेले. माणसाला झिणझिण्या आणणारा धक्काही तिचा जीव घेऊ शकतो. गोठ्यात पणती किंवा बॅटरीची माळ लावा, तीही कडब्यापासून लांब. पत्र्यावर, तारेच्या कुंपणावर, कपडे वाळवायच्या तारेवर, तुळशीला पाणी घालता तिथे विजेची माळ नको.

काही जण खांबावर आकडा टाकतात. कशासाठी? १० वॉटची माळ रोज ५ तास लावली तर २० दिवसांत फक्त १ युनिट जळते. एवढ्यासाठी गुन्हा आणि जीव दोन्ही पणाला का लावायचे?

फ्यूज वायर वाचवतो, माणसाला नाही. मुख्य बोर्डावर ३० मिलिॲम्पियरचे गळती-रोधक बटण वायरमनकडून बसवून घ्या. वीज गळताच ते आपोआप पडते. महिन्यातून एकदा त्याची टेस्टची कळ दाबून पाहा.

कुणाला धक्का बसलाच तर त्याला हात लावू नका. मेन बंद करा. ते जमले नाही तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या काठीने त्याला वायरीपासून दूर सारा आणि लगेच दवाखाना गाठा.

रात्री निजताना माळेची पिन काढायला विसरू नका. उजेड आपल्या दारी येवो, पण सुखरूप!