हंगामी काम



वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की दरवर्षी दोन-तीन मुले शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी घुटमळतात. पेपर कसा गेला हे सांगायला ती आलेली नसतात. खोलीत दुसरे कोणी नाही असे पाहून त्यांतला एक हळूच विचारतो, "सर, सुट्टीत कुठे काम मिळेल का? कसलेही चालेल." तो हळू का बोलतो, हे मला ठाऊक आहे. घरात पैशांची ओढाताण आहे हे वर्गातल्या मुलांना कळू नये, असे त्याला वाटते. मीही एकदा असाच हळू आवाजात विचारत फिरलो होतो.

विद्यार्थ्यांनी सुट्टीत काम करावे की नाही, यावर आम्हा शिक्षकांचे एकमत नाही. काही जण म्हणतात, मुलांनी सुट्टीत वाचावे, खेळावे, मामाच्या गावाला जावे. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. पण ज्याच्या वह्यापुस्तकांचा खर्च जूनमध्ये कसा निघणार याची घरात एप्रिलपासून चर्चा असते, त्याला हा उपदेश काय उपयोगाचा? माझे मत असे आहे की ज्याला गरज आहे किंवा इच्छा आहे, त्याने काम जरूर करावे. मात्र ते हंगामी असावे.

'हंगामी' हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटेल. तो फारसीतून आला आहे. उर्दूत 'हंगामा' म्हणजे गोंधळ आणि 'हंगामी हालात' म्हणजे आणीबाणी. मराठीत त्याच शब्दाने वेगळी वाट धरली. मराठीत हंगाम म्हणजे एखाद्या गोष्टीचा ठरलेला काळ. भाताचा हंगाम, आंब्याचा हंगाम, मासळीचा हंगाम. जे काम काही काळापुरते असते ते हंगामी काम. मला या शब्दातली एक गोष्ट आवडते. हंगाम येतो, तसा तो संपतोही. पहिला पाऊस पडला की आंब्याची पेटी कोणी मागत नाही.

आपल्या दासगावाला अशी कामे नवीन नाहीत. आज महामार्गावरून जाणाऱ्या प्रवाशाला सांगूनही खरे वाटणार नाही, पण सावित्री नदीच्या काठचे हे गाव एके काळी बंदर होते. भरतीच्या पाण्याबरोबर गलबते आत येत. महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीने निघाले, ते २५ डिसेंबर १९२७ रोजी दासगाव बंदरातच उतरले आणि तेथून पायी महाडला गेले. बंदर म्हटले की हमाली आलीच. बोट लागली की काम, बोट गेली की काम संपले. पुढे माल रस्त्याने जाऊ लागला. १९९३ मध्ये कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा सुरू झाला आणि वीर तर आपल्या शेजारचेच स्थानक. बंदर गेले, पण दोन हात आणि थोडी चपळाई असलेल्या माणसाला चार दिवस लागणारे काम काही गेले नाही. मे महिन्यात आंबे निवडायचे असतात, पेट्या भरायच्या असतात. लग्नांत वाढायला माणसे लागतात. रस्त्याच्या कडेला करवंदे, जांभळे, काजू विकता येतात. किराणा दुकानात माल लावायला, झेरॉक्सच्या दुकानात कागद जुळवायला कोणीतरी हवे असते.

मग ते मिळत का नाही? माझा अनुभव सांगतो. २००७ साली मी दहावीची परीक्षा दिली. दुसऱ्याच दिवशी महाडच्या बाजारपेठेत गेलो आणि एका टोकापासून सुरुवात केली. प्रत्येक दुकानात एकच प्रश्न, "काम आहे का?" आणि प्रत्येक दुकानात एकच उत्तर, "नाही." दुपारपर्यंत मी रडकुंडीला आलो. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने मला पाणी दिले आणि विचारले, "पोरा, सकाळपासून तू काय पाहिलेस?" मी काहीच पाहिले नव्हते. तो म्हणाला, "काम आहे का असे विचारलेस तर कोणीही नाहीच म्हणेल. काय काम पडून आहे ते आधी बघ, मग तेच करू का म्हणून विचार." दुसऱ्या दिवशी मी उलटे केले. आंब्याच्या एका वखारीबाहेर बराच वेळ उभा राहिलो. रिकाम्या पेट्यांचा ढीग होता, पेंढा विस्कटलेला होता, आणि एकच माणूस घामाघूम होऊन सगळे करत होता. मी म्हणालो, "पेट्यांत पेंढा मी घालून देऊ का?" त्याने मान वर न करता हो म्हटले.

तेव्हापासून मुलांना मी हेच सांगतो. सकाळी जा. गिऱ्हाइकांची गर्दी असताना जाऊ नका. जमल्यास अब्बांना किंवा चाचांना बरोबर घ्या, म्हणजे तुम्ही कोणाच्या घरचे हे मालकाला कळते. आणि मेमध्ये काम हवे असेल तर एप्रिलच्या आरंभीच विचारून ठेवा, कारण मेमध्ये इतर सगळेच विचारायला येतात.

आता माझी दुसरी चूक. काम मिळाल्याच्या आनंदात मी मजुरी विचारलीच नाही. पैशांचे बोलायला लाज वाटली. बाकीच्यांना रोजचे ५० रुपये मिळतात असे ऐकले होते, म्हणून मी मनात हिशेब करत राहिलो. १८ दिवसांचे ९०० रुपये. शेवटच्या दिवशी मालकाने माझ्या हातावर ५०० रुपये ठेवले आणि वर अतिपिकलेल्या आंब्यांची एक पेटी दिली. "तू तर नवशिका. तुला काय येत होते?" असे तो म्हणाला. मी गप्प घरी आलो. आंबे अम्मीने शेजाऱ्यांना वाटले. मालकावर माझा फार दिवस राग होता. आज मला वाटते, तो ४०० रुपयांना लबाड ठरला खरा, पण पहिल्या दिवशी तोंड न उघडून ती संधी मीच त्याला दिली होती.

"तुला काय येत होते?" हे वाक्य मात्र मला अजून पटत नाही. सरकारी भाषेत अशा कामाला 'अकुशल' म्हणतात. महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, त्यात प्रौढ माणसांना अकुशल अंगमेहनतीचे काम देण्याची हमी होती. देशात असा कायदा करणारे आपले राज्य पहिले, याचा मला अभिमान आहे. पण शब्दाबद्दल माझी तक्रार आहे. माती खणायला कौशल्य लागत नाही, असे ज्याने कधी फावडे धरले नाही तोच म्हणेल. आंबा हाताळताना दाबायचा नाही, डागी आंबा पेटीत जाऊ द्यायचा नाही, हे मला पहिल्या दिवशी येत नव्हते, अठराव्या दिवशी येत होते. आधी शिकून यावे लागत नाही, इतकाच 'अकुशल' या शब्दाचा अर्थ घ्यावा. त्यावरून मजुरी कापू नये.

मी हे सारे एकदा नववीच्या वर्गात सांगत होतो. एक विद्यार्थिनी उठली आणि म्हणाली, "सर, हे फक्त मुलांसाठी आहे का?" मी अडखळलो. तेव्हा तिनेच सांगितले की मागच्या मे महिन्यात ती शेजारच्या घरी आमसुले करायला जात होती. कोकमे फोडायची, साली मिठाच्या रसात घालायच्या, उन्हात पसरायच्या, संध्याकाळी गोळा करायच्या. पावसाआधी सारे उरकावे लागते. मी विचारले, "मजुरी किती मिळाली?" ती म्हणाली, "माहीत नाही. पैसे अम्मीच्या हातात दिले. मला कोणी सांगितले नाही." वर्गातल्या मुली हसल्या. मला हसू आले नाही. पैसे घरात द्यावेत, त्याबद्दल वाद नाही. पण आपण किती कमावले हे कमावणारीला ठाऊक असले पाहिजे. तिने दुसऱ्या वर्षी एका वहीत रोजची नोंद ठेवली, असे तिने मला नंतर सांगितले.

मजुरी प्रत्येक कामाची घ्यावी का? हा प्रश्न आमच्यापुढे २०२१ मध्ये आला. बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी, २२ जुलैला, महाडमध्ये पूर आला. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. पाणी ओसरल्यावर महाडच्या घराघरांत आणि दुकानांत चिखल होता. तो काढायला हात हवे होते. करोनामुळे वर्ग नीट भरत नव्हते, तेव्हा आमची मोठी मुलेही गेली. पहिल्या दोन दिवसांत कोणी पैशांचे नावही काढले नाही. तिसऱ्या दिवशी काही व्यापारी मजुरी देऊ लागले आणि मुलांनी मला फोन करून विचारले, "सर, घ्यायची का?"

मी त्यांना २००५ च्या जुलैची आठवण दिली. त्या वेळी दरड आपल्याच दासगावावर आली होती आणि बाहेरगावचे लोक मदतीला धावले होते. त्यांनी मजुरी विचारली नव्हती. म्हणून ज्याचे घरच वाहून गेले त्याच्याकडून काही घेऊ नका, असे मी म्हणालो. पण ज्याला आठवडाभर गोदाम साफ करून दुकान पुन्हा उभे करायचे आहे आणि जो स्वतःहून मजुरी देतो, त्याच्याकडून घेण्यात कमीपणा नाही. फक्त फावडे हातात घेण्याआधी ठरवा. आणि पायांत बूट घालूनच चिखलात उतरा, कारण पुराच्या चिखलातून लेप्टोचा आजार होतो. एका मुलाने माझे ऐकले नाही. बूट घातले, मजुरी नाकारली. "त्या दुकानदाराने आमच्या घराला किती वर्षे उधार दिले आहे, सर," असे तो म्हणाला. मी गप्प बसलो.

तुमच्या वयाला कायद्याच्या काही मर्यादा आहेत, त्या माहीत असू द्या. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये अधिक कडक झाला. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळेच्या वेळेबाहेर किंवा सुट्टीत घरच्या व्यवसायात, धोका नसेल तर, हातभार लावता येतो. १४ ते १८ या वयात धोक्याचे काम करता येत नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. एखादा ठेकेदार आधारकार्डाकडे न पाहता "चल" म्हणाला, तरी तिकडे जाऊ नका. पैसे जास्त मिळतात हेच त्यातले आमिष असते.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या बालपणीची एक हकीकत तुम्ही ऐकली असेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरम स्थानकावर गाडी थांबेनाशी झाली. वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून फेकले जात. त्यांचा चुलतभाऊ वर्तमानपत्रे वाटत असे. त्याला मदत म्हणून लहानगे कलाम ते गठ्ठे गोळा करत. ती त्यांची पहिली कमाई. ही गोष्ट सांगताना आपण मेहनतीचे कौतुक करतो, ते योग्यच आहे. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या कामाबरोबर शाळा चालू होती.

आमच्या एका विद्यार्थ्याची सुटली. नववी पास होऊन तो मे महिन्यात महामार्गावरच्या एका हॉटेलात लागला. कपबशा धुणे, टेबल पुसणे. मालक वाईट नव्हता. जेवण देत असे, पैसे वेळेवर देत असे. जूनमध्ये मालक म्हणाला, "दुसरा पोरगा मिळेपर्यंत थांब." मग गणपतीची गर्दी आली. मुंबईहून चाकरमानी येतात, तेव्हा हॉटेलवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. मग दिवाळीची सुट्टी, मग रायगड पाहायला जाणाऱ्या शाळांच्या सहली. प्रत्येक वेळी कारण खरे होते आणि मुदत थोडीच होती. मी दोनदा भेटायला गेलो. त्याने मला चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. "पुढच्या महिन्यात येतो, सर," असे तो दोन्ही वेळा म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता. पहिल्या दिवशी काम किती दिवसांचे हे त्याने विचारले नव्हते आणि मालकाने सांगितले नव्हते, एवढेच झाले होते.

म्हणून आता दाराशी मुले घुटमळू लागली की मी त्यांना कामाचा पत्ता देण्याआधी कागद काढायला लावतो. कोणते काम, किती तास, किती मजुरी, हे सगळे त्यावर येते. पण सर्वांत वर शेवटच्या दिवसाची तारीख लिहायची, आणि ती शाळा उघडण्याच्या आधीची हवी. तो कागद मालकाला दाखवायचा. काही मालक हसतात. एकाने तर मुलाला विचारले, "तू नोकरी मागतोस की मला नोटीस देतोस?" पण त्याने त्याला कामावर ठेवले आणि ठरलेल्या दिवशी सोडलेही.

हॉटेलात राहिलेला तो मुलगा आता १९ वर्षांचा आहे. गेल्या आठवड्यात तो शाळेत आला होता. बाहेरून दहावीला बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म कसा भरायचा, हे त्याला विचारायचे होते. मी सगळे समजावून सांगितले, कोणते कागद लागतील ते लिहून दिले. त्याने ते दोनदा वाचले, घडी घालून खिशात ठेवले आणि जाता जाता दारात थांबला. परीक्षा मार्चमध्ये असते ना, सर, असे त्याने विचारले. त्या दिवसांत मालक सुट्टी देईल की नाही, याची त्याला काळजी होती.