दारिद्र्यनिवारण आणि ख्रिस्ती मंडळी

नाताळच्या सुमारास गोरगरिबांस कांबळी व धान्य वाटण्याची चाल आमच्या बहुतेक मंडळ्यांत आहे. ही चाल स्तुत्य आहे; ती मोडावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु गेल्या वर्षी ज्या घरी कांबळे गेले त्याच घरी ते यंदाही न्यावे लागते, आणि पुढील वर्षीही न्यावे लागणार हे सर्वांस ठाऊक असते. तेव्हा आपल्या सेवेत काय उणे आहे, याचा विचार मंडळीने केला पाहिजे.

आमच्या मते उणे ते हे की, आपण दरिद्री मनुष्याची गरज भागवितो, पण त्याच्या दारिद्र्याचे कारण विचारीत नाही. ते कारण पुष्कळदा कर्ज असते. घरात आजारपण येते किंवा पाऊस दगा देतो. शिल्लक काहीच नसते. जबर व्याजाने पैसा काढावा लागतो. तो फेडता फेडता आधी जमीन जाते, मग मुलांची शाळा सुटते. हे कांबळ्याने थांबत नाही.

ज्यांनी हे ओळखले त्यांची उदाहरणे आपल्या देशातच आहेत. छोटा नागपुरातील आदिवासींच्या जमिनी परक्यांच्या हाती जात आहेत हे पाहून फादर हॉफमन या जेझुइट धर्मगुरूंनी १९०९ साली तेथे सहकारी पतसंस्था काढली. वसईस मॉन्सिग्नोर पी. जे. मोनिस यांनी १९१८ साली स्थापिलेली पतपेढी आज बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक या नावाने चालू आहे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींस केडगावी अन्न तर दिलेच. शिवाय शेतकाम, विणकाम व छापखान्याचे काम शिकविले.

कोणी म्हणेल, आमची मंडळीच गरीब. भांडवल कोठून आणावे? त्यांनी मिझोरामकडे पाहावे. तेथील स्त्रिया १९१० पासून तांदूळ शिजविण्यापूर्वी त्यातील एक मूठ प्रभूकरिता बाजूस काढीत आल्या आहेत. त्या तांदळाच्या विक्रीतून तेथील मंडळ्यांनी सुवार्तेचे कार्य चालविले. याच रीतीने आपल्या वाडीतील दहा-वीस घरांचा बचतगटही उभा राहील. शिवाय ज्याने स्वतःची मूठ घातली तो त्या निधीपुढे याचक म्हणून उभा राहत नाही. तो भागीदार होतो.

मंडळीचे काम वचनाची घोषणा करणे, पैशाचे व्यवहार करणे नव्हे, असाही आक्षेप येतो. त्याचे उत्तर प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे. यरुशलेमेत रोजच्या वाटपात काही विधवांची उपेक्षा होऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी वचनाची सेवा सोडली नाही आणि विधवांसही सोडले नाही. त्या कामाकरिता त्यांनी सात विश्वासू माणसे निवडविली. आमच्या पंचांनीही पाळकांवर सर्व भार न टाकता अशी माणसे नेमावी, व दर महिन्यास हिशेब उपासनेनंतर वाचून दाखवावा. गरिबांस वस्तू देताना त्यांची छायाचित्रे काढण्याचा प्रघात मात्र बंद करावा. मदत मंडळीच्या पटावरील कुटुंबांपुरती ठेवू नये, आणि तिच्या मोबदल्यात कोणाच्या धर्मांतराची अपेक्षा धरू नये. दयाळू शोमरोनी मनुष्याने जखमी वाटसरूस त्याचे कूळ विचारले नव्हते.

विद्यार्थ्यांसही येथे काम आहे. शिधापत्रिका, शिष्यवृत्ती, निराधारांचे अनुदान यांचे अर्ज भरता येत नाहीत, म्हणून कित्येक कुटुंबे हक्काच्या मदतीस मुकतात. वरच्या इयत्तांतील मुलामुलींनी दर रविवारी उपासनेनंतर एक तास बसून असे अर्ज भरून द्यावे, आणि आईबापांनी त्यांस तेवढी मोकळीक द्यावी. शिक्षणाचा याहून चांगला उपयोग आम्हांस तरी सुचत नाही.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. त्या दिवशी कर्जापायी आपल्या वाडीतील एकही मुलगी घरी राहिली नाही, तर त्या मंडळीने नाताळची भेट खरोखर पोहोचविली, असे आम्ही समजू.