कापडटंचाई, पाचवारी आणि समीक्षेचा हिशेब

दुसऱ्या महायुद्धातील कापडटंचाईमुळे नऊवारी लुगडे मागे पडून पाचवारी साडी रूढ झाली, असे विधान सामाजिक इतिहासात आणि त्याच्या आधाराने वाङ्मयसमीक्षेतही सहज केले जाते. ते अगदीच निराधार नाही. गिरण्यांचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर लष्कराकडे वळले, भाव भडकले, जून १९४३ मध्ये सरकारला कापड व सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. ‘स्टँडर्ड क्लॉथ’ नावाचे जाडेभरडे, स्वस्त कापड त्याच काळातले. अशा दिवसांत चार वार कापड वाचणे ही क्षुल्लक बाब नव्हती.

परंतु हा हिशेब मांडताना परकर मोजलेला दिसत नाही. नऊवारीला परकर लागत नाही. गोल साडीला तो लागतोच, आणि त्यात दोन-अडीच वार जातात. (हिशेबनीस बहुधा पुरुष असावेत.) याहून गंभीर आक्षेप असा की, टंचाई हेच मूळ कारण असते, तर जिला तिची झळ सर्वाधिक लागली तिने नऊवारी सर्वांआधी सोडायला हवी होती. घडले नेमके उलटे. पाचवारी प्रथम स्वीकारली ती शहरातील सुशिक्षित मध्यमवर्गीय स्त्रीने, आणि तीही युद्धापूर्वीपासून. शेतात वाकून राबणाऱ्या स्त्रीला कासोट्यावाचून गत्यंतर नव्हते. लुगडे मध्यभागी विरले की तेवढा भाग काढून, उरलेल्या तुकड्यांना दंड घालून ती तेच नेसत राहिली. युद्ध संपल्यानंतरही कित्येक दशके नऊवारी तिच्या अंगावर होती.

तेव्हा टंचाईने नवी आवड निर्माण केली असे म्हणण्यापेक्षा, आधीच झालेल्या निवडीला तिने चारचौघांत सांगता येण्याजोगे कारण पुरवले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. गोल नेसणे जेथे थिल्लरपणाचे मानले जाई, तेथेही ‘कापडच मिळत नाही’ या सबबीपुढे सासूचा विरोध लटका पडत असावा. स्त्रीच्या या निर्णयाचे श्रेय मात्र टंचाईच्या खाती जमा झाले.

कथा-कादंबऱ्यांच्या वाचनात नऊवारी म्हणजे परंपरा आणि पाचवारी म्हणजे आधुनिकता हे समीकरण अजूनही वापरले जाते. त्यात दंड घातलेल्या लुगड्याला जागाच उरत नाही. ते कोणी शिवले, धडके लुगडे कोणत्या प्रसंगासाठी राखून ठेवले, जुनेर कोणाच्या वाट्याला आले, हे प्रश्न पात्रांच्या परस्परसंबंधांपर्यंत नेणारे असतात. समीक्षक त्यांची नोंद ‘वातावरणनिर्मिती’ या सदराखाली करून मोकळा होतो.