किंमत विक्रेत्याची, पट्टी बाजाराची

इंटरनेटवरील बाजारपेठांनी सामान्य माणसाला स्वतःच्या धंद्याचा मालक केले, असा डिंडिम सर्वत्र पिटला जात आहे. अमेरिकेतील 'एट्सी' ही २००५ साली हस्तव्यावसायिकांसाठी सुरू झालेली अशीच एक बाजारपेठ. तेथे विणकामाचे नमुने, शिवणाचे आराखडे अशा संगणकावर उतरवून घ्यावयाच्या वस्तूही विकल्या जातात. एकदा श्रम ओतून केलेल्या अशा वस्तूची दुसरी प्रत काढावयास जवळजवळ खर्च येत नाही. तेव्हा किंमत अल्प ठेवून ती अनेकांपर्यंत पोचवावी, असे कोणाही सुज्ञास वाटेल.

हिशेब मात्र निराळेच सांगतो. २०२२ साली ठरलेल्या दरांनुसार अमेरिकन विक्रेत्याला प्रत्येक विक्रीमागे नोंदणीचे २० सेंट, साडेसहा टक्के दलाली आणि पैसे वळते करण्याबद्दल ३ टक्के अधिक २५ सेंट द्यावे लागतात. म्हणजे एका डॉलरच्या नमुन्यातील साडेचोपन्न सेंट बाजारपेठच घेते. दहा डॉलरच्या नमुन्यातून १ डॉलर ४० सेंट, अर्थात केवळ १४ टक्के. गरिबाला परवडेल अशी किंमत ठेवणाऱ्याला हा दंडच नव्हे काय?

११ एप्रिल २०२२ रोजी दलाली पाचावरून साडेसहा टक्क्यांवर गेली, तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकाने बंद ठेवली. वाढ मागे घेतली गेली नाही. (आपल्या दुकानाची पट्टी आपल्याला न विचारता वाढते, असा हा मालक!) पटत नसेल त्याने अन्यत्र जावे, हा युक्तिवाद पोकळ आहे, गिऱ्हाईक जेथे जमते तेथेच विक्रेत्याला बसावे लागते.

खरी मेख कायद्यात आहे. १९१४ च्या क्लेटन कायद्याने अमेरिकेतील कामगार संघटनांना मक्तेदारीविरोधी तरतुदींतून वगळले. हे विक्रेते मात्र कायद्याच्या लेखी कामगार नव्हेत. त्यांनी एकजुटीने किमान किंमत ठरविली, तर तो स्पर्धेविरुद्धचा कट ठरू शकतो. कंपनीने एका फटक्यात सर्वांची दलाली वाढविली, तर तो व्यवहार.

महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने कायम मालक नसलेल्या हमालालाही कामगार म्हणून संरक्षण दिले. तोच न्याय या विक्रेत्यांना लावून त्यांच्या संघटनेला दराविषयी वाटाघाटीचा कायदेशीर अधिकार मिळावा, आणि तोवर निदान अल्प किमतीच्या विक्रीवरील ठोक आकारणी तरी रद्द व्हावी.